सावत्र बाप कायद्यानें बाप केव्हां होतो?

मराठी माणसाच्या नांवांत तीन पदें असतात आणि त्यांतील मधलें पद बहुधा बापाचें असतें. ही चाल इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, तिच्यामुळें कोणाची अडचण होत असेल अशी शंकाहि सहसा कोणास येत नाहीं. परंतु एखादी विधवा किंवा घटस्फोटिता पहिल्या विवाहाचें अपत्य बरोबर घेऊन पुनर्विवाह करते, आणि मग हें मधलें पद चारचौघांत उघडें पडतें. दारावरील पाटीवर एक नांव, आईच्या नांवापुढें तेंच नांव, आणि मुलाच्या वहीवर मात्र दुसरेंच! शाळेंत सोबती विचारतात; रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वीं संमतिपत्रावर सही कोणी करावयाची असा प्रश्न निघतो; बँकेंत मुलाच्या नांवानें खातें उघडतांना पालकाचा रकाना भरावा लागतो. ज्या गृहस्थानें त्या मुलाच्या तापांत रात्री जागून काढल्या आणि त्याची शाळेची फी वर्षानुवर्षें भरली, त्याला मग खिडकीमागील कारकून विचारतो, "आपलें मुलाशीं नातें काय?"

ह्या प्रश्नाचें कायद्यानें दिलेलें उत्तर कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आईशीं विवाह केल्यानें तो गृहस्थ तिचा पति होतो. तिच्या मुलाचा बाप होत नाहीं. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या सहाव्या कलमांत अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक कोण, हें सांगितलेलें आहे, आणि त्याच कलमाच्या शेवटीं एक स्पष्टीकरण जोडलेलें आहे कीं, 'बाप' आणि 'आई' ह्या शब्दांत सावत्र बाप व सावत्र आई ह्यांचा समावेश होत नाहीं. वारशाचीहि तीच कथा. एका स्त्रीच्या मिळकतीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं असा निर्णय दिला कीं, हिंदु वारसा अधिनियमांतील 'मुलगा' ह्या शब्दांत सावत्र मुलगा येत नाहीं. समजा, आई आधीं वारली आणि मृत्युपत्र न करतां सावत्र बाप मागाहून वारला. तर त्याच्या घरांत वीस वर्षें वाढलेल्या मुलाच्या हातीं कांहीं येत नाहीं, आणि ज्यांचा त्या घराला कधीं पाय लागला नसेल असे भाऊ किंवा पुतणे वारस म्हणून उभे राहतात. पोषणाच्या बाबतींत तर कायद्याचा तराजू उघडच एका बाजूस कललेला आहे. १९५६ च्याच हिंदु दत्तक व पोषण अधिनियमाच्या विसाव्या कलमानें औरस व अनौरस अपत्यांच्या पोषणाचा भार आईबापांवर घातला. सावत्र अपत्याचा उल्लेख तेथें नाहीं. उलट, २००७ सालीं आईबाप व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहासाठीं जो अधिनियम झाला त्याच्या व्याख्येंत सावत्र आईबापांना जागा मिळालेली आहे. म्हणजे मूल लहान असतां त्याला पोसण्याचें कायदेशीर बंधन ज्याच्यावर नव्हतें, तोच म्हातारपणीं त्या मुलाकडे निर्वाहाची मागणी करूं शकतो!

ह्या उफराट्या स्थितीचें मूळ जुन्या समाजरचनेंत आहे. 'सावत्र' हा शब्दच सवतीच्या नात्यांतून आलेला आहे. एका पुरुषाच्या दोन स्त्रिया आणि त्या दोघींचीं मुलें, हें चित्र त्या शब्दाच्या डोळ्यांसमोर होतें. पाटाची चाल असलेल्या जातींत आईबरोबर दुसऱ्या घरीं आलेलीं मुलें होतींच. परंतु पांढरपेशा समाजाला तें चित्र ठाऊक नव्हतें, आणि ग्रंथ लिहिणारे त्याच समाजांतले. तरीहि धर्मशास्त्र ह्या बाबतींत सर्वस्वीं मुकें आहे असें नाहीं. मनूनें बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. त्यांत विवाहापूर्वीं कन्येला झालेला 'कानीन' पुत्र तिचें पुढें पाणिग्रहण करणाऱ्याचा मानलेला आहे, आणि विवाहसमयीं गर्भवती असलेल्या वधूचा 'सहोढ' पुत्रहि पतीचाच ठरविलेला आहे. मातेबरोबर आलेलें अपत्य पतीचें समजावें, ही कल्पना एकेकाळीं येथें नांदत होती खरी. पुढें कलिवर्ज्याच्या कात्रींत हे सारे प्रकार सांपडले आणि मिथिलेसारखा प्रदेश सोडला तर औरस व दत्तक एवढे दोनच पुत्र शिल्लक राहिले.

नंतर १८५६ चा विधवापुनर्विवाहाचा कायदा आला. त्या कायद्यानें विधवेला पुन्हां विवाह करण्याची मोकळीक दिली हें सर्वांस ठाऊक असतें. त्याचें तिसरें कलम मात्र फारसें कोणी वाचीत नाहीं. मृत पतीनें मृत्युपत्रानें पालक नेमून ठेवला नसेल, तर विधवेनें पुनर्विवाह केल्यावर पतीचे वडील, आई किंवा इतर पुरुष आप्त न्यायालयाकडे अर्ज करून तिच्या मुलांना दुसरा पालक नेमवून घेऊं शकत. शिवाय मृत पतीच्या मिळकतींतील तिचा हक्क दुसऱ्याच कलमानें संपत असे. बाईनें जावयाचें तर जावें, मूल आणि मिळकत येथेंच राहील, असा त्याचा एकंदर सूर होता. तो कायदा १९८३ सालीं रद्द झाला. तो सूर मात्र अजून पुष्कळ घरांतून ऐकूं येतो.

तेव्हां सावत्र बापाला, किंवा सावत्र आईला, खऱ्या अर्थानें आईबापांचे हक्क मिळवावयाचे असतील तर कायद्यांत मार्ग एकच, तो म्हणजे दत्तकविधान. पण त्या मार्गाकडे वळण्यापूर्वीं जो मार्ग नव्हे त्याविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे, कारण शिकलेल्या माणसांतहि ह्याविषयीं मोठा घोटाळा आढळतो. राजपत्रांत जाहिरात देऊन मुलाचें नांव बदललें म्हणजे तें मूल आपलें झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. राजपत्रानें नांव बदलतें. जन्म बदलत नाहीं, बाप बदलत नाहीं, वारसा बदलत नाहीं. मुद्रांकाच्या कागदावर 'ह्या मुलाचा मी बापाप्रमाणें सांभाळ करीन' असें प्रतिज्ञापत्र लिहून दिलें तर त्यानें प्रतिज्ञा करणाऱ्याचा चांगुलपणा दिसेल, एवढेंच. शाळेच्या नोंदवहींत मुख्याध्यापकांच्या भिडेनें नवें नांव चढविलें तर तो उपाय नसून पुढच्या अडचणीची पेरणी होय, कारण जन्मदाखला आणि शाळेचा दाखला ह्यांत मेळ राहत नाहीं आणि मुलाला मोठेपणीं दोन्ही कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आतां दत्तकाकडे. हिंदु, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना दोन वाटा मोकळ्या आहेत. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी व यहुदी कुटुंबांना त्यांतील दुसरी.

पहिली वाट म्हणजे १९५६ चा दत्तक व पोषण अधिनियम. दत्तकांत एक देणारा व एक घेणारा लागतो. मूल देण्याचा अधिकार त्याच्या जन्मदात्या आईबापांना आहे, आणि दोघेहि हयात असतील तर एकानें दुसऱ्याच्या संमतीवांचून मूल देतां येत नाहीं. दुसऱ्यानें संन्यास घेतला असेल, हिंदु धर्म सोडला असेल किंवा न्यायालयानें त्याला वेडा ठरविलें असेल, तरच ती संमति लागत नाहीं. बाप वारलेला असेल तर आई एकटी मूल देऊं शकते. घेणारा म्हणजे तिचा नवा पति. आणि विवाहित पुरुषानें दत्तक घ्यावयाचा तर पत्नीची संमति हवी, म्हणजे पुन्हां तीच. त्यांतहि एक मौज अशी कीं, पत्नी हयात असलेल्या पुरुषानें दत्तक घेतला तर ती पत्नी दत्तक आई समजावी असें चौदावें कलम सांगतें. तेव्हां जी आई स्वतःच्या हातानें मूल देते, तीच कायद्याच्या दृष्टीनें तें मूल घेणारीहि होते. कागदावर हें विचित्र दिसतें. पण आईचें नातें त्यामुळें तुटत नाहीं, हें महत्त्वाचें.

होमाची आवश्यकता नाहीं. दत्तहोम केल्यावांचून दत्तक पुरा होत नाहीं ही घरोघरची समजूत कायद्यानें स्पष्ट शब्दांत मोडून काढलेली आहे. प्रत्यक्ष देणें व घेणें मात्र झालें पाहिजे, आणि तें मूल एका कुळांतून दुसऱ्या कुळांत घालण्याच्या हेतूनें झालें पाहिजे. मूल आधींच नव्या घरांत राहत असलें तरी हा विधि टाळतां येत नाहीं. आईनें चार माणसांच्या साक्षीनें मूल पतीच्या स्वाधीन करावें, आणि त्याचा लेख करून तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. देणारा व घेणारा ह्या दोघांच्या सह्यांचा नोंदलेला लेख असला कीं, उलट सिद्ध होईपर्यंत दत्तक कायदेशीर झाला असें न्यायालय गृहीत धरतें. ह्या नोंदणीला लागणारा एक दिवस पुढें कित्येक वर्षांचा वाद वांचवितो.

ह्या वाटेवर कांहीं धोंडे आहेत, आणि त्यांतील एक फार मोठा आहे. मुलगा दत्तक घ्यावयाचा तर घेणाऱ्याला हयात हिंदु मुलगा, नातू किंवा पणतू असतां कामा नये. मुलगी घ्यावयाची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी असतां कामा नये. एक मुलगा असलेला विधुर आणि एक मुलगा असलेली विधवा ह्यांनीं विवाह केला, तर त्या गृहस्थाला पत्नीच्या मुलाला ह्या अधिनियमाखालीं दत्तक घेतां येत नाहीं. पुनर्विवाहित कुटुंबांत असें जोडपें मुळींच दुर्मिळ नाहीं. दुसरा धोंडा वयाचा. घेणारा पुरुष व दत्तक मुलगी, किंवा घेणारी स्त्री व दत्तक मुलगा, ह्यांच्या वयांत निदान एकवीस वर्षांचें अंतर पाहिजे. आणि मुलानें पंधरा वर्षें पुरीं केलेलीं नसावीं, त्याचें लग्न झालेलें नसावें. ह्या शेवटच्या दोन अटींना मात्र 'रूढि असेल तर' अशी पळवाट आहे, आणि येथें महाराष्ट्रांतील कुटुंबांना जुन्या मुंबई इलाख्याच्या परंपरेचा लाभ मिळतो. व्यवहारमयूखाच्या अनुरोधानें चालणाऱ्या ह्या प्रांतांत कोणत्याहि वयाच्या, अगदीं लग्न झालेल्या माणसालाहि, दत्तक घेण्याची रूढि होती, व तिला न्यायालयांनीं मान्यता दिलेली आहे; सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं ती पुन्हां मानली. म्हणून सोळासतरा वर्षांच्या सावत्र मुलाचा प्रश्न पुणें येथील घरांत अगदींच निकालांत निघालेला नसतो.

सावत्र आईची कहाणी आणखी निराळी. महाराष्ट्रांत विधुराचा पुनर्विवाह ही नित्याची गोष्ट. पहिलीचीं मुलें दुसरीनें वाढविलीं अशीं घरें शेंकडों. तरीहि १९५६ पासून २०१० पर्यंत ह्या अधिनियमाखालीं विवाहित स्त्रीला स्वतःच्या नांवानें दत्तक घेण्याचा अधिकार सहसा नव्हता. दत्तक घ्यावयाचा तो पतीनें, आणि पतीनें स्वतःच्याच मुलाला दत्तक घेण्यांत कांहीं अर्थ नाहीं. म्हणजे जिनें मुलें वाढविलीं तिला त्यांची कायदेशीर आई होण्याची वाट चौपन्न वर्षें बंद होती. २०१० च्या दुरुस्तीनें विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीनें दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला आणि मूल देण्याच्या बाबतींतहि आईला बापाच्या बरोबरीस बसविलें. एवढ्या मोठ्या सुधारणेची घरोघरीं फारशी चर्चा झाली नाहीं, ह्याचें नवल वाटतें.

दुसरी वाट बालन्याय अधिनियम, २०१५ ह्याची. ही धर्मनिरपेक्ष आहे. कोणत्याहि धर्माच्या माणसाला बालन्यायाच्या कायद्याखालीं दत्तक घेतां येतो, हें सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१४ मध्येंच, म्हणजे आधींच्या २००० च्या कायद्याच्या संबंधांत, सांगितलें होतें. त्यापूर्वीं मुसलमान, ख्रिस्ती किंवा पारशी सावत्र बापाला १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखालीं पालक म्हणून नेमणूक करून घेण्यापलीकडे बहुधा गति नसे, आणि तें पालकत्व मूल सज्ञान झालें कीं संपे. आतांच्या २०२२ च्या दत्तक विनियमांत सावत्र आईबापांसाठीं स्वतंत्र तरतूद आहे. पतिपत्नींनीं मिळून केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संगणकीय नोंदवहींत नांव नोंदवावयाचें, ठरलेल्या नमुन्यांत जन्मदात्या आईबापांची व दत्तक घेणाऱ्याची संमति जोडावयाची, आणि मग हुकुमासाठीं अर्ज करावयाचा. अनाथालयांतील मूल घेतांना वयाच्या व दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक जीवनाच्या ज्या अटी आहेत त्या येथें लागू नाहींत. घरांत आधीं मुलगा आहे म्हणून मुलगा घेतां येत नाहीं, हा पहिल्या वाटेवरील धोंडाहि येथें नाहीं. मुलाच्या ताब्याविषयीं न्यायालयांत तंटा चालूं असेल तर मात्र त्याचा निकाल लागेपर्यंत थांबावें लागतें.

हुकूम देण्याचा अधिकार पूर्वीं न्यायालयाकडे होता. २०२१ च्या दुरुस्तीनें तो जिल्हादंडाधिकाऱ्याकडे गेला. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलांत आली. न्यायालयांत आधींपासून चालूं असलेलीं प्रकरणें वर्ग करण्यास मुंबई उच्च न्यायालयानें जानेवारी २०२३ मध्यें अंतरिम स्थगिती दिली होती. चौकशी बंद दाराआड चालते आणि दोन महिन्यांत निकाल द्यावा असें अधिनियमाचें सांगणें आहे. हुकूम देण्यापूर्वीं तीन गोष्टी पहावयाच्या असतात: दत्तक मुलाच्या हिताचा आहे कीं नाहीं, मुलाचें वय व समज पाहून त्याची इच्छा काय आहे, आणि ह्या देवघेवींत पैसा शिरला आहे कीं काय.

ही तिसरी गोष्ट वाटते तितकी काल्पनिक नाहीं. बाप वारलेला असतो तेथें दत्तकाचा मार्ग त्या मानानें सरळ असतो. खरी गांठ पडते ती बाप हयात असून घटस्फोट झालेला असतो तेव्हां. त्याची सही पाहिजे. कित्येक बाप ती देत नाहींत, मुलाला वर्षानुवर्षें पाहिलेलें नसलें तरी. कित्येक देतात, परंतु ती देण्याचें कारण असें असतें कीं, दत्तक झाला म्हणजे पुढील पोटगीची जबाबदारी टळते. "तुम्ही सही द्या, मी मागची थकबाकी सोडतें," असा सौदा दोन्ही पक्षांचे हितचिंतक मध्यस्थ मोठ्या सहजपणें सुचवितात. त्यांनीं अधिनियमाचें सतरावें कलम एकदां पहावें. दत्तकाच्या मोबदल्यांत पैसा किंवा अन्य लाभ घेणें-देणें हा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. थकबाकीचा हिशेब वेगळा मिटवावा आणि संमति वेगळी, निर्मळ मनानें दिलेली असावी. जो बाप खरोखरच दूर झाला आहे, त्याच्याकडून ती मिळविण्यास धीर धरावा लागला तरी तो धरणें शहाणपणाचें.

ह्याहून महत्त्वाचा भाग पुढेंच आहे, आणि उत्साहाच्या भरांत त्याकडेच दुर्लक्ष होतें. दत्तक हा जोडणारा विधि आहे तितकाच तोडणाराहि आहे. ज्या क्षणीं मूल सावत्र बापाचें होतें, त्या क्षणीं जन्मदात्या बापाच्या कुळाशीं असलेलीं त्याचीं सर्व कायदेशीर नातीं संपतात. आजोबा, आजी, काका, आत्या हीं कायद्याच्या दृष्टीनें परकीं होतात. एक विवाहनिषेध तेवढा कायम राहतो. मूळ कुळांत ज्यांच्याशीं लग्न निषिद्ध होतें त्यांच्याशीं तें पुढेंहि निषिद्धच.

मिळकतीच्या दृष्टीनें ह्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. दत्तकापूर्वीं जी मिळकत मुलाला मिळालेलीच आहे, ती त्याच्याबरोबर जाते. बाप मृत्युपत्र न करतां वारला आणि त्याच्या स्वकष्टार्जित घरांत मुलीचा हिस्सा झाला, तर पुढें दत्तक झाल्यानें तो हिस्सा जात नाहीं. परंतु समजा, आजोबा हयात आहेत, त्यांना दोन मुलगे होते, त्यांतील एक वारला आणि त्याची ही मुलगी. आजोबांच्या पश्चात् तिला आपल्या मृत बापाचा वांटा मिळाला असता, कारण पूर्वीं वारलेल्या मुलाची मुलगी ही पहिल्या वर्गांतील वारस आहे. आजोबांच्या हयातींत तिचा दत्तक झाला तर ती त्यांची वारस राहत नाहीं. आजोबांनीं मृत्युपत्रानें कांहीं दिलें तर तें अर्थात् मिळेल. तीच मुलगी आजोबांच्या मृत्यूनंतर दत्तक गेली असती तर वांटा तिचाच राहिला असता. केवळ कालक्रमानें एवढा फरक पडतो! एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतींत जन्मानें मिळणाऱ्या हिश्शाचें काय होतें, ह्याविषयीं तर निरनिराळ्या उच्च न्यायालयांत मतभेद झालेला आहे. अशी मिळकत ज्या घरांत असेल त्या घरानें जाणत्या वकिलाला विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये.

आजीआजोबांच्या बाजूचाहि विचार झाला पाहिजे. मुलगा गेला, सून गेली, आणि आतां नातवाचें नांवहि जाणार, हें दुःख खोटें नाहीं. आंध्रप्रदेशांतील एका खटल्यांत ह्या दुःखाला न्यायालयाचें दार दिसलें. २००६ सालीं पति वारला तेव्हां मूल अवघ्या कांहीं महिन्यांचें होतें. पुढील वर्षीं आईनें पुनर्विवाह केला. आजीआजोबांनीं पालकत्वासाठीं अर्ज केला. तो मान्य झाला नाहीं, पण उच्च न्यायालयानें २०१४ सालीं असा आदेश दिला कीं, मुलाला मूळ आडनांव परत लावावें, आणि जेथें जन्मदात्या बापाचें नांव लिहितां येत नसेल तेथें आईच्या नव्या पतीची नोंद 'सावत्र बाप' म्हणून करावी. आई सर्वोच्च न्यायालयांत गेली. २८ जुलै २०२२ रोजीं त्या न्यायालयानें हा आदेश रद्द केला. पतीच्या मृत्यूनंतर आई हीच मुलाची एकमेव नैसर्गिक पालक. मुलानें कोणतें आडनांव लावावें, त्याला नव्या कुटुंबांत सामावून घ्यावें कीं दत्तक द्यावें, हें ठरविण्याचा अधिकार तिचा. आणि प्रत्येक कागदावर 'सावत्र बाप' असा शिक्का मारण्याची सक्ति ही मुलाच्या मनाचा विचार न करणारी, जवळजवळ क्रूर अशी गोष्ट आहे, असें न्यायालयानें म्हटलें. खटला चालूं असतांनाच, २०१९ सालीं, सावत्र बापानें नोंदणीकृत लेखानें त्या मुलाला दत्तक घेतलें होतें.

निर्णय योग्यच झाला. तथापि आईला अधिकार आहे म्हणून आजीआजोबांना मुलापासून तोडलें पाहिजे असें त्यांत कोठेंहि नाहीं. कायदेशीर नातें संपलें तरी सुटींत नातवानें आजोळीं जावें तसें त्या घरींहि जाण्यास कोणताहि कायदा आड येत नाहीं, आणि दत्तकापूर्वीं आईनें ही गोष्ट त्यांना स्वतः जाऊन सांगितली तर कित्येक खटले उभेच राहणार नाहींत.

एक गोष्ट सावत्र बापानेंहि मनाशीं पक्की केली पाहिजे. कायदेशीर रीतीनें झालेला हिंदु दत्तक रद्द करतां येत नाहीं. घेणाऱ्याला नाहीं, देणाऱ्याला नाहीं, मुलाला स्वतःलाहि नाहीं. पुढें त्या पतिपत्नींचें पटलें नाहीं आणि त्यांनीं घटस्फोट घेतला, तरी तो बाप बापच राहतो; पोषणाची जबाबदारी त्याच्यावर राहते, वारसा राहतो. पत्नीला खूष करण्यासाठीं विवाहाच्या पहिल्याच वर्षीं केलेला दत्तक म्हणूनच धाडसाचा. कायद्यानें दोन वर्षांची अट काढून टाकली असली तरी घरानें ती स्वतःवर घालून घ्यावी हें बरें.

ज्यांना एवढें पाऊल टाकावयाचें नसेल किंवा टाकतां येत नसेल, त्यांच्यासाठीं लहान उपाय आहेत आणि ते तुच्छ नाहींत. १८९० च्या अधिनियमाखालीं न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक करून घेतली कीं मूल सज्ञान होईपर्यंत शाळा, औषधोपचार, बँक येथील अडचणी पुष्कळ अंशीं दूर होतात आणि जुनें कुळ तुटत नाहीं. स्वकष्टार्जित मिळकत सावत्र मुलाला द्यावयाची तर मृत्युपत्र करावें. त्याला दत्तकाची गरज नाहीं, नोंदणीचीहि सक्ति नाहीं, फक्त दोन साक्षीदार लागतात. पुष्कळ कुटुंबांची खरी गरज एवढ्यानें भागते.

मुलाला विचारण्याचा प्रश्न राहिला. पांचसहा वर्षांच्या पुढील मुलाशीं ह्याविषयीं बोललेंच पाहिजे. दंडाधिकारी त्याची इच्छा विचारात घेणार आहेतच, आणि तेथें पहिल्यानेंच तें ऐकण्याची पाळी मुलावर येऊं नये. मृत बापाची तसबीर भिंतीवरून उतरवावी लागणार नाहीं, हें त्याला आधीं सांगावें. दहाबारा वर्षांचीं मुलें पुष्कळदां नांव बदलण्यास नाखूष असतात, कारण वर्गांत पुन्हां सर्वांना समजावून सांगावें लागतें. अशा वेळीं शाळा बदलण्याच्या किंवा माध्यमिक शाळेंत जाण्याच्या सुमारास हें काम उरकणें सोयीचें पडतें.

हुकूम किंवा नोंदलेला लेख हातीं आला म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. जन्ममृत्यूच्या निबंधकाकडे तो दाखवून जन्मदाखल्यासाठीं प्रथम अर्ज करावा. बाकीचे सर्व कागद त्या दाखल्यावर उभे राहतात. त्यानंतर शाळा, आधार, बँक, पारपत्र असा क्रम ठेवावा. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं ठरविल्याप्रमाणें १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नोंदींत स्वतःचें नांव, आईचें नांव, बापाचें नांव व आडनांव असा क्रम असतो. तेव्हां अशा मुलाच्या दाखल्यांत शेवटचीं दोन पदें तेवढीं बदलावयाचीं. त्याआधीं जन्मलेल्यांचें मधलें पद बदलतें. प्रत्येक कचेरी मूळ कागद पहावयास मागते आणि प्रमाणित प्रत ठेवून घेते. म्हणून तशा चारपांच प्रती प्रथमच काढून ठेवाव्या.